आराखडा भरण्याआधी गावाचं वर्ष मांडा

ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या कामाला नव्याने लागणार असाल, तर फॉर्म उघडण्याआधी एक करा: गावात पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या महिन्यात संपतो, हे गावाकडूनच मांडून घ्या. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडून आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय या दोन्हींचे आराखडे अपेक्षिले आहेत. प्रत्यक्षात नाली, सिमेंट रस्ता, पेव्हर ब्लॉक, सभामंडप एवढ्यावरच कागद भरतो. रस्ता हवाच, पण त्याने घरात चार पैसे कसे येतील हे कुणी विचारत नाही.

गडचिरोलीतल्या एका गावात महिला सभेच्या वेळी बायकांनी अंगणवाडीच्या ओसरीवर खडूने बारा रकाने आखले आणि मिळकतीप्रमाणे चिंचोके ठेवले. मार्च-एप्रिलला मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता, दिवाळीनंतर धान. जुलै-ऑगस्टचे रकाने रिकामे. मग एका आजींनी सांगितलं की एप्रिलमध्ये नड असते म्हणून मोह मिळेल त्या भावाने विकतो आणि पावसाळ्यात तोच दुकानातून चढ्या भावाने आणतो. आजवर आराखड्यात कधीच न आलेली मागणी तिथे निघाली: मोह वाळवायला ओटा आणि साठवायला कोरडी खोली.

आता पैशाचं बघा, कारण नवख्यांची गाडी इथेच अडते. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. गोदामाला तो चालत नव्हता. पण पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधीतून थेट ग्रामसभा कोषात रक्कम मिळते, आणि वनउपजीविका त्यात बसते. सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा एकत्रित कायदेशीर हक्क, मिळाला असेल तर जंगलातली मिळकतही ग्रामसभेच्या हातात येते. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये मिळाला आणि पुढे गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. कोणत्या निधीत काय बसतं याचे शासन निर्णय स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

महिला सभेतली मागणी मुख्य ग्रामसभेत पोचेपर्यंत हमखास गळते. म्हणून ती मांडणाऱ्या दोघी-तिघी ग्रामसभेला हजर राहतील हे बघा आणि ठराव लिहून झाला की सह्या होण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्या. पंचायतींसाठीच्या ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आराखडा चढल्यावर त्यातही ओटा आणि खोली आली आहे ना, ते तपासा.