नुसतं ‘निघालो’ पुरत नाही : मदतकार्याच्या टीम पाठवताना या चुका टाळा

पुण्याच्या ऑफिसातून मदतकार्याच्या टीम बाहेर पाठवायचं काम मी बरीच वर्षं करतेय. मुळशी-भोर असो की सांगली-कोल्हापूर, पावसाळा आला की त्याच चुका पुन्हा होतात आणि आता त्यांची चीड येते.

ग्रुपवर ‘निघालो’ टाकून मोकळं होणं

2021 च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं, तळियेत दरड कोसळली. त्यानंतर काही दिवसांनी आमची एक गाडी ताडपत्र्या आणि किराणा घेऊन ताम्हिणीमार्गे तिकडे निघाली. सकाळी साडेदहाला ग्रुपवर ‘निघालो’ आलं, त्याखाली भराभर अंगठे पडले. तीनपर्यंत गाडी पोहोचायला हवी होती. पाच वाजले तरी प्रत्येकाला वाटत होतं, दुसरं कोणीतरी बोललं असेल. साडेसातला एका मुलाच्या आईचा फोन आला, “ताई, ह्याचा फोन का लागत नाहीये?”

कागदावर तीन नावं होती. गाडीत होते पाच जण. ड्रायव्हरला आम्ही मोजलंच नव्हतं, आणि पौडला एक स्वयंसेवक चढला होता. ड्रायव्हरचा नंबर कोणाकडे नाही, ट्रॅव्हल्सचं ऑफिस बंद. गाडीचा नंबर शेवटी डिझेलच्या पावतीवर सापडला. सव्वादहाला निजामपूरहून फोन आला. घाटात रस्त्यावर माती आली होती, रेंज नव्हती, सगळे सुखरूप होते. तोवर त्या आईचे चार फोन येऊन गेले होते आणि चारही वेळा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

तेव्हापासून माझ्या टेबलावर दोनशे पानी वही असते. गाडीचा नंबर, ड्रायव्हरसकट प्रत्येकाचं नाव, रक्तगट, घरचा फोन, रस्ता आणि पोहोचायची वेळ लिहिल्याशिवाय किल्ली मिळत नाही. रेंज जाण्याआधी एक फोन, घाट उतरल्यावर दुसरा. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास गेला की मी फोन करते, तासाभराने स्थानिक माणसाला आणि पोलीस ठाण्याला. हे काम एकाच माणसाच्या नावावर असतं. नवी मुलं म्हणतात, लाइव्ह लोकेशन आहे की! रेंज गेली की तो ठिपका आहे तिथेच राहतो. गाडी चहाला थांबलीय की दरडीखाली आहे, हे त्यावरून कळत नाही.

रस्त्यातच ट्रकचा फाळका उघडणं

उतावीळ लोक इथेच घात करतात. ‘लोक भुकेले आहेत, वाटून टाकू,’ म्हणत फाळका पाडतात. पाच मिनिटांत गर्दी गाडीला भिडते, म्हातारी माणसं मागे रेटली जातात, आणि संताप निघतो तो वर उभ्या असलेल्या पोरावर. आदल्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील आणि बचत गटाच्या बायकांना भेटा, यादी करा, कूपन द्या, शाळेच्या आवारात एका दाराने आत नि दुसऱ्याने बाहेर अशी रांग लावा. गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला हवं. माल अपुरा असेल तर त्या दिवशी वाटप करूच नका.

बाकीच्या, पण कमी नव्हेत

दुसऱ्या जिल्ह्याचा सुरक्षा आराखडा नाव बदलून वापरू नका. एकदा मुळशीच्या आराखड्यात मला भरती-ओहोटीच्या वेळा सापडल्या.

पुराच्या पाण्यात गमबुटाशिवाय उतरू नका. नंतर ताप आला तर लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

साप चावला तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका. 108 ला फोन करा. सापाच्या विषावरची लस कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे, हे मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

छेडछाडीची तक्रार ‘फील्डवर असं होतंच’ म्हणून दाबू नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच. तिच्या सदस्यांचे नंबर फील्ड ऑफिसच्या भिंतीवर लावा.

अंधार पडल्यावर घाट नको. मागच्या सीटवरही पट्टा लावा.

आणि सकाळच्या बैठकीत ड्रायव्हरला बसवा. रस्ता कुठे खचलाय हे त्याला ढाब्यावर आपल्याआधी कळतं. आमच्याकडे त्याने ‘नको’ म्हटलं की गाडी निघत नाही, वरून कोणाचाही फोन येवो.