नवा लॅपटॉप घेण्याआधी: स्केचअप अडखळायला लागलं की करायची तयारी

माऊस पुढे आणि घर मागे, अशी स्केचअपची (घराचं त्रिमितीय मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरची) गत झाली की लोक थेट नवा लॅपटॉप पाहायला नागपूर-अमरावतीला निघतात. त्याआधी एक सकाळ राखून ठेवा. सकाळच म्हणतोय, कारण आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या छताखाली दुपारी दोन वाजता चांगलं मशीनही दमतं. प्रोसेसर जास्त तापला की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. तेव्हा तीच फाइल, त्याच कोनातून, एकदा सकाळी सहाला फिरवून पाहा आणि एकदा दुपारी दोनला. सकाळी सुरळीत आणि दुपारी रखडत असेल तर फाइलला हात लावू नका, रोग उष्णतेचा आहे. दोन्ही वेळा सारखीच रखडली तर मॉडेलमध्ये शिरावं लागेल.

काहीही करण्याआधी फाइलची तारीख घातलेली एक प्रत पेनड्राइव्हवर काढा. पुढचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर.

मग चार्जर पाहा. लाइन गेलेली असताना बॅटरीवर केलेली परीक्षा धरू नका, बहुतेक लॅपटॉप बॅटरीवर मुद्दाम हळू चालतात. बदली चार्जर असेल तर ओळखीच्या कोणाकडून त्याच कंपनीचा मूळ चार्जर तासभर मागून आणा. काही लॅपटॉप परका चार्जर ओळखत नाहीत आणि वेग दाबून ठेवतात. चार्जिंगचा दिवा मात्र लागलेलाच असतो, म्हणून संशय येत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात घरांचे नकाशे काढतो. दिवाळीनंतर कापूस निघाला की हवेत बारीक तंतू असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पंखा ते ओढून घेतो. गेल्या हंगामानंतर लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं तर पंखा आणि जाळी यांच्या मधल्या पातळ पट्ट्यांवर करड्या रंगाचा थर बसला होता. चिमट्याने धरून ओढला तर बोटभर लांब, वळलेल्या वातीसारखा अख्खा निघाला. गरम हवा बाहेर जायला वाटच नव्हती. म्हणून तयारीत छोटा स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, मऊ ब्रश आणि हवा मारायचा पंप ठेवा. हवा मारताना पंख्याचं पातं आगकाडीने अडवून धरा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बिघडतो. आणि कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. ती हवा ओली असते. टेबल फॅन पुरतो.

मशीन गार आणि साफ झालं की मॉडेल उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर (मशीनचा कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) लावा. इथे बरेच जण फसतात. प्रोसेसर १२-१३ टक्केच चाललाय, मग अडतं कुठे, असं वाटतं. स्केचअपचं बरंचसं काम एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच भागावर, चालतं. आठ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी आठ कामं ओढणाऱ्या, प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला की एकूण आकडा साडेबारा टक्केच दिसतो. म्हणजे गाडी पूर्ण जोरात आहे, ओझं कमी करायला हवं. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये स्केचअपसमोर हाय परफॉर्मन्स निवडलंय का, हेही तेवढ्यातच पाहून घ्या.

आता ओझं. विंडो मेनूत मॉडेल इन्फो, त्यात स्टॅटिस्टिक्स. एज (कडा) आणि फेसचे (पृष्ठांचे) आकडे वहीत लिहा, मगच पर्ज अनयूज्ड दाबा. चित्रातून पुसलेली गाडी किंवा सोफा फाइलच्या पोटात तसाच राहतो, तो या बटणाने जातो. फाइल हलकी होते, सेव्हही लवकर होते. पण डोळ्यांसमोर जे उभं आहे त्याचं काय? गच्चीच्या कठड्याला ६० गज असतील आणि प्रत्येक गोल २४ बाजूंचा, तर नुसत्या गजांच्या बाजूंचे १,४४० फेस झाले. सर्कल टूल घेतल्यावर पहिल्या क्लिकआधीच ६ टाइप करून एंटर दाबा, तेच काम ३६० मध्ये होतं. बारा मिलिमीटरच्या गजाला सहा बाजू आहेत हे कोणाला दिसत नाही.

डाउनलोड केलेली झाडं तर सगळ्यांत जड. एका काकाजींना त्यांचं घर दाखवत होतो, अंगणात पानापानांचं झाड लावलेलं, आणि पडदा थिजला. ते म्हणाले, "निंब त माह्या आंगनात हायेच ना भाऊ, तो काहून दाखवता? जिना दाखवा." त्या दिवसापासून झाडं, गाड्या, फर्निचर मी वेगळ्या टॅगवर (एकदम दाखवता-लपवता येणाऱ्या गटात) ठेवतो आणि काम करताना टॅग बंद करतो. सावल्या आणि प्रोफाइल्सही (जाड बाह्यरेषा) शेवटच्या चित्रापुरत्याच चालू.

एवढं करूनही फेस लुकलुकत असतील, झूम केल्यावर भिंत कापली जात असेल, तर झूम एक्स्टेंट्स (सगळं मॉडेल पडद्यावर मावेल असं दाखवणारं बटण) दाबा. घर ठिपक्याएवढं झालं तर काहीतरी फार दूर पडलंय. आपल्या भागात हे मोजणीच्या फाइलीतून येतं. यूटीएम ही जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत, तिच्यात पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात. तिच्यातल्या मोजणीत उत्तरेचा आकडा विषुववृत्तापासून मोजतात, म्हणून आपल्याकडे तो २२ लाख मीटरच्या वर असतो. तसाच आयात केला की प्लॉट शून्यबिंदूपासून २,२०० किलोमीटरहून जास्त लांब जाऊन बसतो आणि तेवढ्या अंतरावर स्केचअपला मिलिमीटर सांभाळता येत नाही. त्यात ७८ अंश पूर्व रेखांशावर यूटीएमचा पट्टा बदलतो आणि ती रेषा आपल्याच जिल्ह्यातून जाते. दारव्हा ४३ व्या पट्ट्यात, यवतमाळ ४४ व्या. दोन्हीकडच्या मोजण्या एका फाइलमध्ये आल्या तर शेजारची गावं शेकडो किलोमीटर लांब दिसतात. म्हणून कॅडमध्येच (नकाशा रेखाटायच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्लॉटचा एक कोपरा शून्यावर आणा, त्या कोपऱ्याचे मूळ आकडे वहीत लिहून ठेवा, हॅच (रेघांचे भराव) आणि मापं काढून टाका, एकावर एक पडलेल्या रेषा ओव्हरकिल या कमांडने पुसा आणि मग आयात करा.

ठरावीक मिनिटांनी क्षणभरच अटकत असेल तर ते ऑटोसेव्ह आहे. ते बंद करू नका, मध्यांतर वाढवा. आपल्याकडच्या लाइनचा काही भरवसा नाही.

तरीही दुकानात जायची वेळ आली तर ती वही सोबत न्या: सकाळ-दुपारचा फरक, फेसचे आकडे, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती भरत होती, डिस्क साधी की एसएसडी. मेमरी काठोकाठ भरत असेल तर आधी रॅमची दुसरी पट्टी बसते का ते विचारा. आणि नवं मशीन घ्यायचंच ठरलं तर तुमची सगळ्यांत जड फाइल पेनड्राइव्हवर नेऊन, पैसे देण्याआधी काउंटरवरच फिरवून पाहा.