मॅच एअर रायफलचा दाब: गळती शोधायची कुठे, वेग तपासायचा कसा

दहा मीटरवर ग्रूप, म्हणजे निशाण्यावर पडलेल्या शॉटचा पुंजका, उभा लांबायला लागला, खालचे शॉट वाढले, की बहुतेक जण थेट रेग्युलेटरवर बोट ठेवतात. रेग्युलेटर खरोखर बिघडतो, पण त्याच्याआधी तपासायच्या चार गोष्टी फुकटात होतात. शिवाय रेग्युलेटर उघडणं हे घरचं काम नाही, त्यामुळे तिथे सगळ्यात शेवटी जायचं.

रचना लक्षात असली की निम्मा शोध बसल्या जागी लागतो. सिलिंडरमध्ये भरलेली हवा २०० बारची (बार हे दाबाचं एकक). रेग्युलेटर ती बऱ्याच कमी, पण ठरावीक दाबावर आणून एका छोट्या चेंबरमध्ये सोडतो. ट्रिगर सुटला की हॅमर व्हॉल्व्हवर आपटतो आणि चेंबरमधली हवा पेलेटमागे, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळीमागे जाते. म्हणजे रायफलचे दोन भाग झाले, रेग्युलेटरच्या अलीकडचा, सिलिंडरच्या बाजूचा, आणि पलीकडचा. तुमच्या सिलिंडरवरचं गेज फक्त अलीकडचं सांगतं. पलीकडे गेज नसतं, तिथलं गेज म्हणजे क्रोनोग्राफ, पेलेटचा वेग मोजणारं यंत्र.

आधी अलीकडची बाजू. "रात्रीत पाच बार गेले" ही तक्रार नेहमीची, आणि पुष्कळदा ती गळती नसतेच. ३० अंशांत २०० बार दाखवणारं सिलिंडर एसी हॉलमध्ये २२ अंशांवर आलं की साधारण १९५ दाखवतं, एक बुडबुडाही न जाता. भरताना याच्या उलट होतं. हवा झपाट्याने भरली की सिलिंडर तापतं. ४५ अंशांवर २०० बार भरून थांबलात, तर २५ अंशांना थंड झाल्यावर १८७च्या आसपास उरतात. म्हणून हळू भरा, हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग वरचे थोडे बार पुन्हा भरा. सिलिंडरवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर मात्र कधीच जायचं नाही, "थंड झाल्यावर उतरेलच" म्हणूनसुद्धा नाही.

खरी गळती आहे का हे ठरवायला सिलिंडर रायफलवरून काढून ठेवा, आकडा लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीत परत बघा. आकडा तोच असेल तर सिलिंडर चांगलं आहे. आता रायफलला लावून हेच करा. लावल्यावरच दाब उतरत असेल तर गळती जोडावर किंवा रायफलच्या आत आहे. जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि दोन मिनिटं नुसतं बघत राहा, कारण बारीक गळतीचा बुडबुडा फुगायला वेळ घेतो. पाण्यात बुडवू नका. जोडाची ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) चपटी झाली असेल किंवा तिला चीर असेल तर ती बदला. मापाची, कंपनीने सांगितलेली रिंगच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली दिसायला तशीच असते, पण या दाबाला फुगते किंवा कापली जाते. लावताना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो. मशीनचं तेल, पेट्रोलियम जेली, स्प्रे यातलं काहीही उच्च दाबाच्या बाजूला लागू द्यायचं नाही.

तेल-ग्रीसचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी: सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरू नका. दवाखान्यातला असो की वेल्डिंगचा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. भरायची ती कोरडी, गाळलेली हवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हँडपंपाने भरणाऱ्यांना पाण्याचा त्रास हमखास होतो. दमट हवा दाबली की वाफेचं पाणी होतं आणि ते सिलिंडरमधून रेग्युलेटरच्या सीटवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या बैठकीवर, जाऊन गंज धरतं. ओलावा टिपणारा फिल्टर लावा, त्यातले दाणे रंग बदलले की बदला, आणि पाचेक मिनिटं पंप मारलात की पंप गार होईपर्यंत थांबून ब्लीड स्क्रूने पाणी काढा.

सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते. मुदत कंपनी ठरवते, बऱ्याचदा १० वर्षं. मुदतीत आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार नेमबाजाचीच. मुदत संपलेलं सिलिंडर "अजून छान धरतंय" म्हणून वापरणं हा निव्वळ मूर्खपणा आहे.

आता पलीकडची बाजू. सिलिंडर १५० बारच्या आसपास ठेवा, एकाच डब्यातले पेलेट घ्या, मिनिटाला एक या गतीने २० शॉट क्रोनोग्राफवरून मारा आणि प्रत्येक आकडा क्रमाने लिहा. नुसती सरासरी काढली तर सगळी माहिती वाया जाते, क्रमातच निदान असतं. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली ऑप्टिकल क्रोनोग्राफ वेडेवाकडे आकडे देतो, त्यामुळे स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्यांचा असेल तर बरं.

४.५ मिलीमीटरच्या, ०.५३ ग्रॅमच्या पेलेटचा वेग मॅच रायफलमध्ये १७० ते १७५ मीटर प्रतिसेकंद असतो. इतक्या वेगाने दहा मीटरवर पेलेट सुमारे १८ मिलीमीटर खाली येतो. वेगात ३ मीटरचा फरक पडला तर निशाण्यावर साधारण ०.६ मिलीमीटरचा फरक, म्हणजे जेमतेम ०.२ गुण. १० मीटरने वेग पडला तर सव्वादोन मिलीमीटर, म्हणजे जवळपास अख्खा गुण. हे गणित डोक्यात ठेवलं की भीती आटोक्यात राहते. वीस शॉटमधला सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद यांत ३-४ मीटरचं अंतर असेल आणि तरी ग्रूप बोटभर उभा लांबत असेल, तर दोष हवेत नाही. श्वास, गालाचा टेकू, साइटचे स्क्रू बघा.

आकडे पसरले असतील तर ते कसे पसरलेत ते बघा. दर वेळी थांबल्यानंतरचा पहिलाच शॉट वेगळा आणि पुढचे सरळ, असं असेल तर रेग्युलेटरची सीट हवा रोखत नाही. थांबलेल्या वेळेत चेंबरमधला दाब हळूहळू चढतो. खात्री करायला दहा शॉट मारा, पंधरा मिनिटं रायफल ठेवा, पुन्हा एक मारा. हा पहिला शॉट बहुधा जलद निघतो. पण दाब फारच चढला तर हॅमरला व्हॉल्व्ह नीट उघडता येत नाही आणि शॉट उलट मंद जातो. भराभर मारल्यावर वेग पडतो आणि थांबल्यावर सावरतो, तेव्हा चेंबर वेळेत भरत नाही: फिल्टर तुंबलाय किंवा रेग्युलेटर चिकटतोय. गेज खाली येत जाईल तसा वेग सरळ रेषेत घसरत असेल आणि गेज मॅन्युअलमधल्या किमान दाबाजवळ असेल, तर काहीच बिघडलेलं नाही, हवा भरा.

आकडे कसलाही क्रम न धरता वरखाली होत असतील, तर आधी पेलेट. डब्यातले पंचवीस उजेडात फिरवून बघा. स्कर्ट, म्हणजे पेलेटची मागची पोकळ कडा, दबलेले निघाले की डबा सरावाला. हेड साइज (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलीमीटरमध्ये) ४.४९, ४.५० आणि ४.५१ वेगवेगळे वागतात, तेव्हा चाचणीत मिसळू नका. मग ब्रीच, म्हणजे बॅरलमागची पेलेट भरायची जागा. टिश्यूची बारीक पट्टी बंद ब्रीचच्या जोडावर ठेवा, बॅरल निशाण्याकडेच ठेवून पेलेटसह शॉट मारा. पट्टी फडफडली तर ब्रीचची ओ-रिंग गेली. ती बदलणं बऱ्याच मॉडेलमध्ये सोपं असतं, पण आधी सिलिंडर काढून चेंबरमधली उरलेली हवा मोकळी करायची, मगच टोकदार वस्तू आत घालायची. रिंग काढायला लाकडी काडी वापरा. लोखंडी सुईने खाचेवर ओरखडा पडला की नवी रिंगही गळते.

वेग "थोडा वाढवून बघू" म्हणून हॅमर स्प्रिंगचा किंवा रेग्युलेटरचा स्क्रू फिरवू नका. या रायफलची ऊर्जा जेमतेम ७.५ ते ८ ज्यूल असते, पेलेट तेवढ्यासाठीच बनलेले असतात, आणि वेग वाढला म्हणून ग्रूप लहान होत नाही.

रेग्युलेटरवर संशय पक्का झाला तर रायफल कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीवाल्याकडे द्या. सोबत वीस शॉटचे क्रमवार आकडे, त्या वेळचा सिलिंडरचा दाब, खोलीचं तापमान आणि पेलेटचं नाव-वजन लिहून द्या. नुसतं "प्रेशर प्रॉब्लेम" लिहिलेली चिठ्ठी त्याच्या काही कामाची नाही. कुरियरने पाठवणार असाल तर सिलिंडर सोबत देऊ नका, आणि त्याने मागितलंच तर त्यासोबत आलेल्या साधनाने पूर्ण रिकामं करूनच द्या.