साइटवरची टोपी घेताना आधी उलटी करून बघा

साइटवर सेफ्टी हेल्मेट कुणी म्हणत नाही, टोपीच म्हणतात, आणि घेतात पण टोपीसारखीच, रंग बघायचा, भाव करायचा, झालं. माझी पहिली अशीच घेतलेली, दुसऱ्याच स्लॅबला आतली पट्टी खाचेतून निसटली आणि टोपी डोक्यावर डुगडुगायला लागली.

म्हणून दुकानात पहिलं काम, टोपी उलटी करा. आतल्या पट्ट्या कवचाला चार ठिकाणी अडकवल्यात की सहा ते मोजा, सहा बऱ्या. प्रत्येक खाच ओढून बघा. वरून नट पडला तर धक्का या पट्ट्या ताणून खातात, त्यासाठी टाळू आणि कवच यांच्यात मोकळी जागा लागते. घालून वरून दाबा, टाळूला कवच टेकलं तर ती टोपी नको. (आणि त्या मोकळ्या जागेत तंबाखूची पुडी नाहीतर मोबाइल ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत, ती जागा खिसा नाहीये हो!)

मग आयएसआय मार्क. त्यावर आयएस २९२५ पाहिजे. ४१५१ असेल तर ते बाइकचं हेल्मेट, साइटवर चालत नाही. खाली सीएम/एल नंबर असतो तो बीआयएस केअर (हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं) अॅपमध्ये टाकला की लायसन्स खरं का खोटं लगेच कळतं, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

आतल्या बाजूला घड्याळासारखा गोल छाप असतो, बाण ज्या आकड्यावर तो टोपी बनल्याचा महिना आणि मधे वर्ष. दोन वर्षं दुकानाबाहेर उन्हात टांगलेली टोपी स्वस्तात मिळते, घेऊ नका, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं.

फिटिंगला मागे फिरवायची चावी असलेली घ्या, खाचांची पट्टी स्वस्त पण दर वेळी काढून बसवायचा कंटाळा येतो आणि शेवटी माणूस ढिलीच घालतो. हनुवटीचा पट्टा न लावता खाली वाका, पडली तर साइज चुकली. परांचीवर चढणाऱ्याला मात्र पट्टा हवाच.

वायरमनने हवेची भोकं असलेली घेऊ नये, आणि विजेच्या कामाला चालते असं लेबलवर असेल तीच घ्यावी. रंगाचं म्हणाल तर पांढरी इंजिनिअरची, पिवळी बिगाऱ्याची अशी पद्धत आहे, पण प्रत्येक साइटची वेगळी, मुकादमाला विचारा.

बायका टोपीवर चुंबळ ठेवून घमेलं वाहतात, त्याने पट्ट्या दबून बसतात, वजन वर न्यायला ठेकेदाराकडे लिफ्टच मागा.

डाग थिनरने पुसू नका, साबणपाणी बस. एकदा जोरात मार बसला की तडा दिसो न दिसो, टोपी बाद, आणि टाकताना आतल्या पट्ट्या कापून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तीच कुणा नवीन पोराच्या डोक्यावर दिसते.