पहिला कीबोर्ड घेताना या चुका टाळा: पट्ट्या मोजता, त्यांची रुंदीही मोजा

"मुलीला क्लास लावायचाय, कॅसिओ कोणता घेऊ?" असं विचारणारे बरेच पालक खोका आधीच घरी आणून मोकळे झालेले असतात. त्यातली निम्मी खरेदी मिनी पट्ट्यांची असते आणि त्याचाच मला सर्वांत जास्त त्रास होतो. 32 किंवा 37 बारीक पट्ट्या, वजनाला हलका, स्वस्त. कारण ठरलेलं: "हिचे हात लहान आहेत ना!"

अहो, सुरुवातीला पाच बोटं पाच पट्ट्यांवर ठेवायची असतात. त्याला लहान हात पुरतो. पूर्ण आकाराची पांढरी पट्टी साधारण 23.5 मिमी रुंद असते, म्हणजे एक सप्तक सुमारे 16.5 सेंमी. हे अंतर न बघता कापायला बोटांनी शिकायचं असतं. बारीक पट्ट्यांवर ती भलतंच अंतर शिकतात.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक मुलगी वाजवायला बसली. घरी असल्याच बारीक पट्ट्यांवर वर्षभर रियाज केलेला, मंचावर 61 पूर्ण पट्ट्या. मध्य सा वरून तार सा वर जायचं होतं, करंगळी पडली नी वर. पुढच्या आवर्तनात पुन्हा नी. मग ती मान खाली घालून एकेक पट्टी शोधू लागली आणि ठेका पुढे निघून गेला. चाल तिला पाठ होती, लयही चांगली होती. ती रडत खाली उतरली. नंतर तिच्या हाताची सवय मोडून नवी लावेपर्यंत दिवाळी उलटून गेली. कीबोर्डवर वाचवलेले पैसे असे फेडावे लागतात.

दुसरी चूक पेटी वाजवणाऱ्या घरांत होते. "साडेतीन सप्तकांत आजोबांचं सगळं भागलं, मग 49 पट्ट्या भरपूर झाल्या." पण पेटीवर एक हात भात्यावर असतो. कीबोर्डवर दोन्ही हात वाजवतात. कीबोर्डचा तयार ठेका (रिदम) लावून डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार स्वर, धरायचे, तर डावीकडचं साधारण दीड सप्तक त्यातच जातं. 61 पट्ट्यांची पाच सप्तकं असतात, त्यातून उजव्या हाताला साडेतीन उरतात, म्हणजे पूर्ण पेटी. 49 मध्ये उरतात अडीच. मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत जाणारी चाल त्यात जेमतेम बसते. सप्तक वर-खाली करणारं बटण आहे, असं दुकानदार सांगतो. गाणं चालू असताना बटण दाबायला तिसरा हात कुठून आणायचा? शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

25 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड नवशिक्यासाठी घेऊच नका. बहुतेकांना स्वतःचा आवाज नसतो, संगणकाला किंवा फोनला जोडल्याशिवाय ते मुके.

88 पट्ट्या हव्यात का? पियानोच शिकायचा असेल तर हव्यात, आणि त्याही वजनदार, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या दाबायला जड. लांबी साधारण 130 सेंमी, वजन दहा-अकरा किलो, तेव्हा तो कायमचा कुठे राहील ते आधी ठरवा. कपाटावर चढवून ठेवलेला कीबोर्ड रियाजाला खाली उतरत नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांमध्ये पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे वेगळे विषय आहेत. कुठल्या वाटेने जायचं ते शिक्षकांना विचारूनच पैसे मोजा.

बाकी सगळ्यांसाठी माझं उत्तर एकच: 61 पूर्ण पट्ट्या, टच रिस्पॉन्ससह. टच नसेल तर हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो आणि बोटांना वजनच कळत नाही. यामाहाच्या पीएसआर-एफ52 मध्ये पट्ट्या पूर्ण आहेत, पण टच नाही. कॅसिओच्या सीटी-एस200 मध्ये नाही, सीटी-एस300 मध्ये आहे. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच, म्हणून बिल करण्याआधी खोक्यावरचा आकडा वाचा.

दुकानात जाताना मी शिंप्याची टेप खिशात ठेवतो. एका सा च्या डाव्या कडेपासून पुढच्या सा च्या डाव्या कडेपर्यंत मापायचं. 16 सेंमीच्या आत आलं, तर पुढचा कीबोर्ड दाखवायला सांगायचं.