शाळकरी मुलांतला व्हिपवर्म कसा ओळखावा

व्हिपवर्म हा मोठ्या आतड्यात राहणारा जंत; तो ओळखताना लक्षणांवर विसंबू नका. संसर्ग हलका असेल तर मूल ठणठणीत दिसतं. जंत भरपूर झाले की मग आव-रक्त पडणं, सारखं कुंथणं, रक्तक्षय, खुंटलेली वाढ. क्वचित गुदाशय बाहेर येतो. शौचात जंत शोधण्यातही फारसा अर्थ नाही: त्याचं केसासारखं पुढचं टोक मोठ्या आतड्याच्या अस्तरात रुतलेलं असतं.

खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते, काटो-काट्झ पद्धतीने. ताजी विष्ठा जाळीतून घासून घ्या, काचपट्टीवरच्या 41.7 मिलिग्रॅमच्या साच्यात काठोकाठ भरा, साचा अलगद उचला. वर ग्लिसरीनच्या द्रावणात 24 तास भिजवलेला सेलोफेन ठेवा आणि काच उलटी करून सपाट जागी दाबा. साचा अर्धवट भरला की पुढची सगळी मोजणी फसते. पातळ जुलाबाला ही पद्धत चालत नाही.

अंडं एकदा पाहिलं की विसरत नाही: पिंपासारखं, तपकिरी, सुमारे 50 मायक्रॉन लांब, दोन्ही टोकांना पारदर्शक बूच. हुकवर्म (आतड्यातला दुसरा एक जंत) हाही मोजायचा असेल तर काच तासाभराच्या आत वाचा, त्याची अंडी ग्लिसरीनमध्ये विरतात, व्हिपवर्मची टिकतात.

काचेवर मोजलेल्या अंड्यांच्या संख्येला 24 ने गुणा, म्हणजे दर ग्रॅमला अंडी कळतात. 1,000 च्या खाली हलका संसर्ग, 10,000 पासून तीव्र.

एक काच कोरी निघाली म्हणून मूल जंतमुक्त धरू नका. अंडी रोज सारखी पडत नाहीत, दुसऱ्या दिवशीचा नमुनाही घ्या. शिवाय लागण झाल्यावर पहिले दोन-तीन महिने अंडी दिसतच नाहीत.