मुका मार आणि लहान आतडे : ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणून सोडू नका

सायकलवरून पडलेल्या मुलाच्या बेंबीच्या वर हँडलच्या टोकाचा गोल, निळसर ठसा उमटलेला असतो. नाडी आणि रक्तदाब ठीक असतात, सोनोग्राफीत काही सापडत नाही आणि दोन तासांत मूल घरी जाते. दुसऱ्या दिवशी ते पोट फुगून, उलट्या करत परत येते. पोटाला मुका मार लागलेल्या रुग्णात लहान आतड्याची इजा निसटते, ती बहुधा अशीच.

यकृत किंवा प्लीहा फाटली तर साठलेले रक्त सोनोग्राफीत चटकन दिसते. लहान आतडे फुटल्यावर मात्र सुरुवातीला थोडाच द्रव बाहेर येतो. त्यात जठरातल्या आम्लाची दाहकता नसते आणि मोठ्या आतड्याइतके जंतूही नसतात, त्यामुळे पोट कडक व्हायला कित्येक तास लागू शकतात. आतड्याच्या या भागात हवाही कमीच असते. म्हणून उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये श्वासपटलाखाली हवा दिसली नाही, एवढ्यावरून छिद्र नाही असे मानू नये.

सीटी स्कॅन अधिक भरवशाचा, पण फार लवकर काढलेला तोही फसवतो. यकृत आणि प्लीहा शाबूत असताना पोटात द्रव दिसला, तर तो आला कोठून याचा उलगडा होईपर्यंत रुग्णाला सोडू नये. सीटबेल्टचा आडवा वळ आणि कमरेच्या मणक्याचे आडवे फ्रॅक्चर एकत्र दिसले, तर संशय आणखी बळावतो.

रुग्णाला नुसते दाखल करून सलाईन लावणे म्हणजे निरीक्षण नव्हे. दर 4 ते 6 तासांनी, शक्यतो एकाच डॉक्टरने, पोट पुन्हा तपासावे आणि वाढती नाडी, ताप, पांढऱ्या पेशी यांची नोंद ठेवावी. लक्षणे झाकली जातील या जुन्या भीतीने वेदनाशामक रोखून धरण्याची गरज नाही. दारूच्या अमलाखालील किंवा डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचे ‘पोट मऊ’ हा शेरा मात्र फारसा विश्वासार्ह नसतो.

शस्त्रक्रियेतली नेहमीची चूक म्हणजे पहिले छिद्र सापडताच शोध थांबवणे. जेजुनमच्या (लहान आतड्याच्या मधल्या भागाच्या) सुरुवातीपासून सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत) संपूर्ण आतडे दोन्ही बाजूंनी पाहावे. भोसकल्याच्या जखमेत शस्त्र आरपार गेले की छिद्रे जोडीने पडतात; म्हणून त्यांची संख्या विषम आली, तर मेसेंटरीच्या (आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्याच्या) कडेला चरबीत एखादे दडले आहे असे धरून पुन्हा पहिल्यापासून मोजावे; शस्त्र नुसते चाटून गेले असावे, हा निष्कर्ष त्यानंतरचा.